जुन्या बंदुकांचें रोगण आणि नळीवरील लेख : वणीकडील संग्राहकांकरितां एक विचार

(१)

पोथ्यांचा संग्राहक पानावरील डागाला भितो. पण तो डाग पुसण्याला त्याहून अधिक भितो. हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ फाशीत असे, आणि त्या पिवळ्या थराखालीं मूळ काय होतें हें वाचण्याकरितां आज संशोधक तें पान उजेडासमोर धरून डोळे शिणवितात. कागदाच्या बाबतींत ही सावधगिरी आपल्या अंगवळणीं पडली आहे. शस्त्रांच्या बाबतींत ती पडलेली दिसत नाहीं. ज्या फडताळांत दप्तर जपून ठेवलेलें असतें त्याच्याच शेजारीं भिंतीला टांगलेली तोड्याची बंदूक खंडेनवमीस खालीं उतरवितात, राखेनें वा विटकरीनें घांसतात, आणि अलीकडे तर बाजारांत मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यानें तिजवर काळा किंवा रुपेरी रंग मारून ती पुनः खुंटीला लावतात. घरधन्याच्या दृष्टीनें ही शस्त्राची सेवाच असते.

प्रस्तुत लेखाचें म्हणणें एवढेंच कीं, बंदुकीच्या नळीचा पृष्ठभाग हा कागदाइतकाच लेख आहे. तिचा रंग कारागिराचा हेतु सांगतो. तिजवरील खुणा ती कोणी घडविली, कोणी बाळगली व कोणत्या वाटेनें आली हें सांगतात. आणि घरगुती रंगाईच्या पूर्वतयारींतच यांतील बराचसा भाग नाहींसा होतो. हरताळाखालीं निदान शाई तरी राहत असे. हा रंग आधीं खरवडून कोऱ्या केलेल्या पाटीवर बसतो.

(२)

या प्रश्नाला वणीच्या परिसरांत विशेष महत्त्व कां आहे हें प्रथम सांगितलें पाहिजे. वणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस, वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यांत आहे. वर्धा ओलांडली कीं चांद्याचा मुलूख लागतो. चांद्याचें गोंड राज्य इ. स. १७५१ त नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा हक्क संपून तो मुलूख निजामाकडे गेला, आणि १८२२ च्या तहानें वर्धा ही सीमा कायम ठरली. त्याच्या चार वर्षें आधीं, १७ एप्रिल १८१८ रोजीं, याच जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळील शिवणी येथें कर्नल ॲडम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची दाणादाण केली, आणि पुढील महिन्याच्या २० तारखेस चांद्याचा किल्ला घेतला. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें बनविलेल्या या जिल्ह्यास कित्येक वर्षें वणी हेंच नांव होतें. १९०५ त तें बदलून यवतमाळ असें झालें.

एवढ्या थोड्या मुलुखांत गोंड, भोसले, पेशवे, निजाम व कंपनी अशा पांच सत्तांचीं हत्यारें वावरलीं, आणि त्यांखेरीज गांवच्या लोहारानें घडविलेली वा जोडकाम केलेली बंदूक ती निराळीच. १८६० चा व नंतर १८७८ चा शस्त्रांचा कायदा होऊन पुष्कळ हत्यारें सरकारजमा झालीं. जीं उरलीं त्यांच्याविषयीं प्रत्येक घराण्याची एक दंतकथा असते. दंतकथा खोटीच असते असें नाहीं. परंतु ती तपासून पाहावयाची झाल्यास नळीवांचून दुसरा साक्षी बहुधा नसतो. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील लोखंडाची खाण प्रसिद्ध आहे, व त्या बाजूस देशी भट्ट्यांतून लोखंड काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकांतहि चालू होता. एखाद्या नळीचें लोखंड त्या बाजूचें कीं दूरदेशचें, या प्रश्नाचा शोध तिच्या घडणीपासून व पृष्ठभागापासूनच सुरू होतो. म्हणून वणीकडे रंगविलेली प्रत्येक बंदूक ही एक न तपासलेली साक्ष होय.

(३)

आतां रंगाचा विचार करूं. घरधनी नळीवरील तपकिरी छटेला सरसकट गंज समजतो, आणि सर्व नुकसानीचें मूळ या समजुतींत आहे. लोखंडाचा गंज एकाच जातीचा नसतो. पावसाळी ओलीनें चढणारा तांबडा गंज भुसभुशीत व सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि लोखंड आंत आंत खात जातो. उलट काळसर गंज घट्ट बसतो व खालच्या धातूला कांहीं अंशीं पांघरूण घालतो. बंदूककारांनीं हा भेद ओळखून गंजालाच पहारेकरी नेमलें. नळी चुन्यानें वा राखेनें तेलविरहित करावयाची, तिजवर क्षारमिश्रित द्रव लावून मुद्दाम पातळ गंज चढवावयाचा, सुटा भाग घांसून काढावयाचा, आणि हा क्रम अनेक वेळां करून शेवटीं तेल वा मेण चोळावयाचें. याप्रमाणें गडद तपकिरी रंगाची, न चकाकणारी नळी तयार होई. मधल्या पायऱ्यांत नळी उकळत्या पाण्यांत घातली तर तांबड्या गंजाचा काळा गंज बनून नीलकृष्ण झांक येते. निळा रंग दुसऱ्याहि रीतीनें आणीत, तो म्हणजे घांसून लख्ख केलेलें पोलाद सुमारें ३०० अंशांपर्यंत तापवून.

विलायती फौजेंत अठराव्या शतकभर नळी लख्ख ठेवण्याची शिस्त होती. शिपाई ती विटकरीच्या भुकटीनें व तेलानें घांसत. १८१५ च्या सुमारास तेथें तपकिरी नळीचा प्रघात पडला, कारण लख्ख नळी दुरून शत्रूस दिसे आणि रोजच्या घांसण्यानें ती झिजे. म्हणून कंपनीच्या घडणीच्या एखाद्या बंदुकीवर मूळचा तपकिरी थर शाबूत असेल, तर तिचा काळ ठरविण्यास तो एक आधार होतो. कांचकागदानें तो घांसून काढल्यावर तीच बंदूक पन्नास वर्षें आधींची म्हणून सहज खपून जाईल.

देशी नळ्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. लोखंडी पट्ट्या पिळून, गुंडाळून व सांधून केलेल्या नळीच्या अंगांत वळणावळणाची रेघ असते. तलवारीच्या पात्यावर जौहर दिसतो तसाच तो येथेंहि दिसतो. परंतु तो आपोआप दिसत नाहीं. नळी गुळगुळीत करून तिला हिराकशीसारख्या तीव्र द्रव्याचें पाणी द्यावें लागतें. मग मऊ व कठीण लोखंड कमीअधिक खाल्लें जाऊन नक्षी उठते. ही नक्षी म्हणजे केसाएवढ्या खोलीचा उठाव. तारेच्या कुंचल्याचे चार हात तिला पुरे होतात. जौहर गेला कीं नळी पिळाची कीं साध्या सांध्याची, हें उघड्या डोळ्यांस सांगतां येत नाहीं.

(४)

मराठ्यांच्या राज्यांत तोफा-बंदुकांच्या लोखंडाची निगा कशी राखीत याचें उत्तम साधन म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें, इ. स. १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र. त्यांतील दुर्गप्रकरणांत दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू व बाण यांस सरदी लागूं देऊं नये, आठां-पंधरा दिवसांनीं तीं बाहेर काढून ऊन द्यावें, अशा आज्ञा आहेत. त्याच ओघांत पर्जन्यकाळीं तोफांना व दरवाजांना तेल-मेण द्यावें, तोफांचे कान मेणानें बुजवावे आणि वर आच्छादन करावें, असेंहि सांगितलें आहे.

या आज्ञेंतील शहाणपण आजच्या रसायनशास्त्रानेंहि मान्य करावें असें आहे. लोखंडाला ओल व हवा या दोहोंचा एकत्र संपर्क झाल्यावांचून गंज चढत नाहीं. तेल-मेणाचा पातळ थर तो संपर्क तोडतो. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरा गुण अधिक मोलाचा. तेल-मेण पुसून काढतां येतें. पावसाळ्यापुरतें दिलेलें पांघरूण आश्विनांत फेडलें म्हणजे खालचें अक्षर जसेंच्या तसें सांपडतें. तें दरसाल द्यावें लागतें हा त्याचा दोष मानतात. पण दरसाल देणाऱ्याची नजर दरसाल नळीवरून फिरते आणि नवा गंज वेळींच ध्यानांत येतो, हा त्यांतील लाभ मोजला जात नाहीं. वणीसारख्या ठिकाणीं, जेथें उन्हाळा धातूला व लांकडाला पोळतो आणि मागोमाग चार महिने ओल असते, तेथें ही नजर कोणत्याहि रोगणाहून अधिक कामाची.

(५)

नळीवर अक्षरें असतात तरी काय, असें कोणी विचारील. अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-इ-अकबरींत बंदुकांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत. एकाच वेळीं सोळा नळ्या साफ करणारें व जनावराच्या बळावर फिरणारें चक्र बादशहानें करविलें, हें त्यांतच सांगितलें आहे. त्याच ग्रंथावरून कळतें कीं, बादशाही कारखान्यांतील प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचें वजन, लोखंड कोठून आणलें तें ठिकाण, कारागिराचें नांव, घडविण्याचें स्थळ, तारीख व अनुक्रमांक अशा गोष्टी नोंदीत. जुन्या कागदाच्या मायन्यांत व मोर्तबांत जेवढें मिळतें, त्याहून हें कमी नाहीं.

टिपू सुलतानाच्या कारखान्यांतील बंदुकांवर कारागिराचें नांव, पट्टण हें स्थळ व मौलूदी सनाचें वर्ष आढळतें; आणि त्या वर्षाचे आंकडे उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात. १७९९ त श्रीरंगपट्टण पडल्यावर तीं शस्त्रें सर्वत्र फांकलीं. कंपनीच्या बंदुकांच्या चापाच्या पट्टीवर चार भाग केलेलें हृदयाकृति चिन्ह व त्यांत कंपनीचीं आद्याक्षरें असत. १८०८ च्या सुमारास त्याऐवजीं उभा सिंह आला. म्हणजे एवढ्या एका चिन्हावरून शतकाच्या कोणत्या अंगाची ती बंदूक हें ठरतें.

याहून बोधप्रद उदाहरण बिकानेरचें. महाराजा अनूपसिंह याच्या हातीं १६८९ त आदवानी येथें जीं दक्षिणी शस्त्रें आलीं, त्यांवर बिकानेरच्या शस्त्रागारांत टिंबें ठोकून नागरी अक्षरांत नोंदी केल्या. आज जगांतील निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेलीं तीं शस्त्रें दक्षिणेंतील आहेत हें त्या टिंबांवरून कळतें. तीं सुईच्या अग्राएवढीं आहेत. तीं एखाद्या घरीं खंडेनवमीच्या तयारींत घांसलीं जातीं, तर दक्षिणेच्या शस्त्रेतिहासांतील एक प्रकरणच लिहितां आलें नसतें. आपल्याकडील नळ्यांवरहि अशाच बारीक खुणा शोधाव्या लागतात, आणि त्या बहुधा कानाजवळ, नळीच्या पाठीवर किंवा दस्त्यांत बसणाऱ्या खालच्या अंगास असतात. हा खालचा भाग रंग देणाराहि सोडीत नाहीं. कारण नीट रंग द्यावयाचा म्हणून तो नळी दस्त्यापासून सोडवितो.

(६)

लांकडी दस्त्याविषयीं थोडक्यांत. विदर्भांत जवसाचें पीक पुरातन आहे. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून स्वतः घट्ट होतें. म्हणून लांकडाला तें चोळलें असतां चिकट न राहतां एक पातळ कवच बनतें. तिळाच्या वा खोबऱ्याच्या तेलाला हा गुण नाहीं. पळसावरील लाखेचें रोगण हा दुसरा प्रकार. उत्तरेकडील व राजस्थानांतील कित्येक बंदुकांचे दस्ते तर मुळांतच रंगविलेले व रोगण दिलेले असत. त्यांवर वेलबुट्टी व शिकारीचीं चित्रेंहि आढळतात. तेव्हां दस्त्यावरील प्रत्येक रंग उपरा समजून खरवडणें हीहि तितकीच मोठी चूक. जुना रंग हाहि पुरावाच आहे, आणि त्यावर नवा चढविणें व तो काढून टाकणें या दोन्ही गोष्टींनीं तो नष्ट होतो.

(७)

आतां फवाऱ्याच्या रंगाकडे वळूं. दाबलेल्या वायूच्या बळानें रंग उडविणारा डबा अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील एडवर्ड सीमूर यानें १९४९ त बनविला. त्यापूर्वीं गुळगुळीत थर देण्याकरितां वाफ्याचें यंत्र व कसबी माणूस लागे. या डब्यानें तें काम घरोघर आणलें. त्याची रीति सर्वत्र सारखीच आहे. वस्तु सुटी करावयाची. तेलकटपणा तीव्र द्रवानें काढावयाचा. रंग धरावा म्हणून पृष्ठभाग कांचकागदानें खरबरीत करावयाचा. तोंड व चाप कागदी पट्टीनें झांकावयाचा. अस्तराचा एक हात, नंतर सुमारें वीतभर अंतरावरून रंगाचे दोन-तीन पातळ हात, आणि प्रत्येक हातामध्यें वाळण्यास अवकाश. कारखान्यांत होणाऱ्या आधुनिक बंदुकांना क्षाराचा थर देऊन वर भट्टींत पक्का केलेला काळा रंग विसाव्या शतकांत पुष्कळ ठिकाणीं देऊं लागले, व सैनिकांनीं झाडीच्या वा वाळूच्या रंगाशीं मिळतीं शस्त्रें केलीं. नव्या व परवान्याच्या वस्तूला, मालकाची इच्छा व कायद्याची मर्यादा सांभाळून, ही रीति योग्य असेल. तिचें कसब कमी लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु याच रीतीची प्रत्येक पायरी जुन्या नळीला मारक आहे. तीव्र द्रवानें शंभर वर्षांचें तेल-मेण निघून लोखंड उघडें पडतें. कांचकागदानें जौहर, टिंबें व तपकिरी थर जातो. अस्तर उथळ अक्षरांत भरून बसतें. उरलेला गंज रंगाखालीं कोंडला जातो. रंगाला कोठेंतरी सुईएवढें छिद्र राहतेंच, त्यांतून ओल शिरते आणि वरून नवी दिसणारी नळी आंतून पोखरते. तेल दिलेल्या नळीवरील गंज डोळ्यांस दिसतो. रंगविलेल्या नळीवरील गंज पोपडा सुटेपर्यंत दिसत नाहीं. ‘रंगानें लोखंड वांचतें’ हा जो मुख्य आक्षेप आमच्या म्हणण्यावर घेतला जातो, त्याचें उत्तर यांत आहे. खिडकीचे गज व पुलाच्या तुळया रंगानें वांचतात हें खरें. पण त्यांवरील जुना गंज मुळापर्यंत काढून टाकण्यास तेथें हरकत नसते. येथें ती हरकत हीच मुख्य गोष्ट आहे.

(८)

संग्राहकानें काय करावें तें क्रमानें सांगतों. पहिली गोष्ट जीविताची आहे. ठासणीची बंदूक भरलेली राहून गेली व तशीच पिढ्यान्‌पिढ्या टांगली गेली, असें अनेक ठिकाणीं आढळलें आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींहि पेट घेते. नळीच्या तोंडाकडे शरीर न नेतां एक लांकडी काठी आंत सावकाश सोडावी, तोंडाशीं खूण करावी, व तीच काठी बाहेरून कानापर्यंत मोजावी. काठी कानापर्यंत पोंचत नसेल तर आंत कांहीं आहे असें धरावें, नळी तापवूं नये, कानांत तार घालूं नये, आणि पोलिसांमार्फत जाणत्या माणसाकडून ती रिकामी करवावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या ८ व्या कलमानें बंदुकीवरील नांव, क्रमांक वा ओळखीची खूण खोडणें, काढणें किंवा बदलणें यास मनाई आहे. ४५ व्या कलमानें जुनाट घडणीचीं, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलीं किंवा मोडकीं शस्त्रें वगळलीं आहेत. परंतु तीं दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून वापरतां येणार नाहींत अशीं असलीं तरच. चालूं शकणारी जुनी बंदूक केवळ जुनी म्हणून सुटत नाहीं. शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या पुराणवस्तु-कायद्याच्या कक्षेंत येते व ती खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं.

या दोन गोष्टी झाल्यावर नोंदीस लागावें. नळीची लांबी, तोंडाचा व्यास व एकंदर वजन लिहावें. दिवा बाजूस धरून तिरप्या उजेडांत नळी चहूं बाजूंनीं पाहावी. समोरच्या उजेडांत न दिसणारी अक्षरें तिरप्या उजेडांत उठतात. छायाचित्र घ्यावें. खोल अक्षरांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा उतरवावा, शिलालेखाचा घेतों तसा. घरांतील दंतकथाहि सांगणाराच्या शब्दांत निराळी टिपून ठेवावी. नोंद व दंतकथा एकमेकींत मिसळूं देऊं नयेत. मगच मऊ फडक्यानें धूळ पुसून तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा व जास्तीचें पुसून घ्यावें. चामड्याच्या वा लोंकरीच्या खोळींत बंदूक गुंडाळूं नये; तीं ओल धरतात. ओलसर भिंतीपासून ती दूर ठेवावी आणि मृगापूर्वीं व आश्विनांत अशी वर्षांतून दोनदां पाहावी.

रंग पूर्वींच दिलेला असेल तर तो चाकूनें वा कांचकागदानें काढण्याचा मोह आवरावा. त्यानें राहिलेलें अक्षरहि जाईल. रंग केव्हां व कसा दिला हें घरांत विचारून लिहून ठेवावें, आणि वस्तुसंरक्षणाचें काम जाणणाऱ्याकडूनच दस्त्याखालच्या एखाद्या न दिसणाऱ्या जागीं विद्रावकाची परीक्षा करवावी. तुलनेकरितां नागपूर येथील १८६३ त स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय वणीकरांना जवळ आहे. तेथील शस्त्रदालनांतील नळ्या एकदां शांतपणें पाहिल्या म्हणजे तपकिरी रोगण व तांबडा गंज यांतील भेद डोळ्यांस कळूं लागतो.

वणी, मारेगांव, झरी, पांढरकवडा या टापूंतील जुन्या घरांतून उरलेल्या ठासणीच्या व तोड्याच्या बंदुकांची अशी एक यादी व्हावी, ही या लेखामागील मुख्य इच्छा. यादींत मालकाचें नांव छापण्याची जरूर नाहीं; गांव, मापें, खुणा, छायाचित्र व ठसा एवढें पुरे. पन्नास नळ्यांचे ठसे एकत्र मांडले म्हणजे गोंडी, भोसलेशाही, निजामी व कंपनीची घडण यांचा माग नुसत्या अनुमानानें काढावा लागणार नाहीं. खंडेनवमीस शस्त्रें खालीं उतरतातच. त्या दिवशीं रंगाच्या डब्याऐवजीं कागद, पेन्सिल व तेलाची वाटी जवळ घेऊन बसलें, तर पूजाहि होईल आणि नोंदहि होईल.